गप्प बसायची खोली

आमच्या धंद्यात माणसाला गप्प बसवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं यंत्र करतं आणि नाव त्याचंच होतं.

पिंपरीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्नॉलॉजिस्ट होते. साध्या एक्स-रेपासून सुरुवात केली आणि निवृत्त झाले ती पेट-सीटीच्या खोलीतून. मधली वर्षं सांगत बसत नाही. कुठल्या साली कुठलं यंत्र आलं यात माझ्याखेरीज कुणाला रस असायचं कारण नाही. सेंटरमधली पोरं मला पाठीमागे 'हेडबाई' म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं की हे पेट-सीटी म्हणजे पोटाचं सीटी का? तर नाही. बाहेरून ते एकच यंत्र दिसतं, मोठ्या मेदूवड्यासारखं, मधे भोक असलेलं. आत मात्र दोन यंत्रं असतात, एकामागे एक, एकाच पलंगाला जुंपलेली. पहिलं सीटी. ते शरीराचा नकाशा काढतं: हाड कुठे, फुप्फुस कुठे, गाठ कुठे. पण ती गाठ जिवंत आहे की मेलेली, हे त्याला सांगता येत नाही. दुसरं पेट. त्याला नकाशातलं काही कळत नाही, पण काम कुठे चालू आहे ते कळतं. त्यासाठी पेशंटला किंचित किरणोत्सारी अशी साखर टोचतात. शरीराचा जो भाग जास्त राबतो तो ती साखर जास्त ओढून घेतो आणि फोटोत उजळतो. कॅन्सरची भूक फार, म्हणून तो पेटल्यासारखा दिसतो. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं कंपन्यांतली. त्यांना मी सांगायचे, सीटी म्हणजे एमआयडीसीचा नकाशा, आणि पेट म्हणजे कुठल्या शेडमध्ये ओव्हरटाइम चालू आहे त्याची खबर. हे त्यांना डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा लवकर समजायचं.

पूर्वी या दोन तपासण्या वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिवशी व्हायच्या. एका फोटोत गाठ दिसायची, दुसऱ्यात उजेड दिसायचा, आणि दोन्ही एकाच जागेचे आहेत का यावर दोन डॉक्टर भांडायचे. पेशंट दोन्ही वेळा थोडाच सारखा झोपलेला असतो? एकदा मान इकडे, एकदा तिकडे. दोन्ही यंत्रं एकत्र आल्यावर माणूस एकदाच झोपायला लागला, न हलता. करडा नकाशा खाली, केशरी उजेड वर, आणि दोन्ही एकमेकांवर बरोबर बसलेले. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. पुढे त्याचीही सवय झाली.

ही साखर आमच्याकडे मुंबईहून यायची, शिशाच्या डब्यात, गाडीने. तयार झाल्या क्षणापासून ती विरायला लागते. दोन तास व्हायच्या आत निम्मी. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की इकडे मी घड्याळ बघत बसायचे, कारण डबा येतो तेव्हा आत किती उरलंय यावर ठरायचं की कुणाचा स्कॅन होणार आणि कुणाला परत पाठवायचं. सकाळपासून उपाशी बसलेल्या माणसाला "आज नाही, उद्या या" म्हणून सांगणं हे माझ्या वाट्याचं काम. लोक शिव्या द्यायचे त्या घाटाला न देता मला द्यायचे. मी ऐकून घ्यायचे. त्यांचं चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही.

आणि मग ती खोली. इंजेक्शन दिल्यावर माणसाला तासभर तिथे बसवायचं. आरामखुर्ची, पांघरूण, मंद दिवा, जाड भिंती. हलायचं नाही, चघळायचं नाही, वाचायचं नाही आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोलायचं नाही. जो स्नायू वापराल तो साखर ओढणार आणि फोटोत रोगासारखा उजळणार. तळवड्याच्या आयटी पार्कमधला एक मुलगा सकाळी जिममध्ये जाऊन मग आमच्याकडे आला. मांड्या, दंड, छाती, सगळं असं पेटलेलं की रोग शोधायचा कुठे? त्याला परत बोलावलं. एका गृहस्थांनी गालात सुपारी धरून ठेवली होती आणि मला शपथेवर सांगत होते की तोंडात काही नाही. जबडा दिवाळीसारखा उजळला होता. कासारवाडीचे एक गॅरेजवाले चाचा होते. दुआ पुटपुटणारे त्यांचे ओठ खोलीतल्या कॅमेऱ्यात सारखे हलताना दिसायचे. मी इंटरकॉमवरून म्हटलं, चाचा, मनातल्या मनात. ते म्हणाले, "मनातच चाललंय बेटा. ओठ आपले आपण हलतात, त्यांना कोण सांगणार?" चाचा बरे झाले. माझी स्कूटर अजून त्यांच्याकडेच जाते.

या खोलीत एक कॅमेरा आणि एक स्पीकर होता. मी बाहेर काचेमागे बसून पडद्यावर पाहायचे. कुणी हललं की बटण दाबून बोलायचे. माझा आवाज मुळात मोठा, त्यात तो स्पीकर जुना. आत बसलेला माणूस दचकायचाच.

मोठ्या आवाजाचंही सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, फोर्जिंग शॉपमध्ये होते. लोखंड लाल करून हातोड्याखाली ठोकायचं काम. तिथे माणसाला माणसाचं ऐकू यायचं नाही म्हणून सगळे ओरडून बोलायचे, आणि घरी आले तरी तसंच. अण्णांचा आवाज कायम बसलेला, घोगरा, आणि तरी जयंतीला विहारासमोर माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. आमच्या वस्तीत सगळ्या बापांचे आवाज तसेच होते. आम्हा पोरांना वाटायचं की पुरुष मोठा झाला की आवाज असाच होतो. तो आजार असू शकतो असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

बबनराव आले तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला, माणूस नंतर दिसला. चाकणच्या अलीकडच्या एका गावातले. जमीन एमआयडीसीत गेली आणि तिथेच उभ्या राहिलेल्या एका कंपनीत, गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, ते लागले ते निवृत्तीला आले तरी तिथेच. उंच, वाकलेले, स्वच्छ पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. सोबत त्यांच्या पत्नी सुमनबाई.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. डायबेटीस आहे का, ऑपरेशन झालंय का, खोकला कधीपासून. मग विचारलं, आवाज कधी बसला?

"प्रेस शॉपात कुणाचा आवाज धड ऱ्हातो मॅडम?" ते हसून म्हणाले. "आमच्या शॉपातली समदी अशीच बोलत्यात."

सुमनबाईंनी पुरवणी जोडली की गेल्या दिवाळीपासून जास्तच बसलाय, ज्येष्ठमध दिला, हळददूध दिलं, कंपनीच्या दवाखान्यातल्या गोळ्या चघळून झाल्या. मग खोकला लागला, खोकल्यासाठी फोटो काढला, आणि फोटोत डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. आवाजाचं त्यांनी सर्जनना सांगितलंच नव्हतं. सर्जननी विचारलंही नसावं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. मलाही त्या क्षणी अण्णा आठवले, दुसरं काही आठवलं नाही. मी तो आवाज कागदावर टिपला आणि पुढे सरकले.

थोड्या वेळाने सुमनबाईंनी मला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं. हे माझ्या ओळखीचं होतं. रोज कुणीतरी मला त्या फिल्टरपाशी गाठायचं.

"ताई, त्यांना टीबीचं सांगितलंय," त्या कुजबुजल्या. "त्या रोगाचं नाव काढू नका. एकदा ऑपरेशन झालं की सुटले."

आमच्या दारावर हातभर अक्षरांत कॅन्सर निदान केंद्र असं लिहिलेलं. तरी रोज एखाददुसरं घर माझ्याकडून टीबीचं वचन घेऊन जायचं. मी मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. सर्जनचं म्हणणं असं होतं की रोग डाव्या फुप्फुसापुरता असेल तर तेवढा भाग काढून टाकू, माणूस वाचेल. छातीच्या मधल्या भागात शिरला असेल तर ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. हा स्कॅन तेवढ्यासाठीच होता. ऑपरेशनसाठी दिवसही धरून ठेवला होता. आणि घरी मुलगी आलेली, अश्विनी, पहिल्या बाळंतपणाला. दिवस भरत आलेले.

मला नियम सांगणं भाग होतं. इंजेक्शननंतर संध्याकाळपर्यंत गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यापासून लांब राहायचं. अंगात थोडा किरणोत्सार असतो, उतरायला वेळ लागतो. बबनराव लगेच म्हणाले, मग मी काय आज घरी जात नाही, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर बसतो, दुसऱ्या पाळीची माणसं भेटतील. पोरीच्या बाळाला आपल्यापायी काही व्हायला नको. सुमनबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. टीबीला असला नियम नसतो, हे त्या घरात कुणीच कुणाला विचारलं नाही.

इंजेक्शन दिलं, खोलीत बसवलं, पांघरूण घातलं. बोलायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

मी काचेमागे येऊन बसले. दुसऱ्या एका पेशंटची नस सापडत नव्हती, तिकडे थोडा वेळ गेला. परत येऊन पडद्यावर पाहते तर बबनरावांच्या हनुवटीपाशी पांघरूण हलतंय. नीट पाहिलं. तोंड हलत होतं. चांगलं मोठ्याने चाललं होतं. फोनवर गप्पा मारत असणार, असं वाटून माझं डोकं फिरलं. इतकं सांगूनही? मी बटण दाबलं.

"बबनराव, बोलायचं नाही सांगितलंय ना? तोंड बंद."

ते दचकले. पांघरुणाखालून फोन निघाला, तो त्यांनी घाईने बाजूला ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. मग उरलेला वेळ ते पुतळ्यासारखे बसून होते. मी माझ्या नियमात बसणारं काम केलं होतं आणि दुसऱ्या कामाला लागले.

स्कॅनच्या पलंगावर ते चांगले झोपले. हात डोक्यावर, श्वास शांत. फोटो पडद्यावर यायला लागले. डाव्या फुप्फुसातली गाठ पेटलेली, ती अपेक्षितच होती. मी वर गेले. गळ्यात एक ठिपका उजळलेला होता. लहान, लख्ख.

नुसता पेटचा फोटो असता तर कुणीही म्हटलं असतं की गळ्यातही रोग पोचला. नुसता सीटी असता तर त्या जागी काहीच दिसलं नसतं. मी दोन्ही एकमेकांवर ठेवले. तो ठिपका स्वरयंत्रातल्या उजव्या पट्टीवर बरोबर बसला. आपल्या गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींवर घासून आवाज निघतो. माणूस इंजेक्शननंतर बोलला की दोन्ही उजळतात. इथे उजवी उजळली होती. डावी काळीच होती.

आमचे डॉक्टर आत आले, माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हा बोलला होता का?"

मी म्हटलं, बोलला. मी थांबवलं, पण तोवर बोलला होता.

त्यांनी खुर्ची ओढली. फोटोचा एकेक काप खाली सरकवत छातीत आले, डाव्या बाजूला थांबले आणि तोच काप पुन्हा पुन्हा मागेपुढे करत राहिले. डाव्या स्वरपट्टीची नस विचित्र वाटेने जाते. गळ्यात न थांबता ती छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्याकडे येते. त्या वळणावर रोग बसला की नस मरते आणि डावी पट्टी लुळी पडते. मग बोलण्याचं सगळं ओझं एकटी उजवी ओढते. आमच्या पडद्यावर उजेड म्हणजे रोग, हे इतकी वर्षं डोळ्यांत भिनलेलं. इथे उजेड होता ती निरोगी बाजू होती, बिचारी एकटी राबणारी. रोगाने जे मारलं होतं ते अंधारात होतं. आणि त्याचा अर्थ रोग फुप्फुसातून निघून छातीच्या मध्यावर पोचला होता. एकदा तिकडे लक्ष गेल्यावर सीटीतही ती जागा दिसायला लागली, गाठीची एक पुसट जीभ, धमनीला चिकटलेली.

डॉक्टर उठले. सर्जनना फोन करतो, एवढंच म्हणाले. ऑपरेशन होणार नव्हतं.

बबनराव बोलले नसते तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. छाती उघडली असती, आतलं पाहून परत शिवली असती. ती एक शिक्षा वाचली, असं म्हणायचं. मी तेव्हापासून स्वतःला हेच सांगत आले आहे.

आमच्या नोकरीत पेशंटला काही सांगायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टर सांगतात. आम्ही फक्त चेहरा सांभाळायचा. माझा चेहरा तोवर लाकडाचा झालेला होता. स्कॅननंतर पेशंटना चहा-बिस्किटं देतात त्या खोलीत मी गेले. बबनराव शर्टाचं वरचं बटण लावत होते. सुमनबाई औषधाच्या दुकानात गेल्या होत्या.

"मॅडम, मी बोललो म्हणून फोटो बिघडला का?" त्यांनी विचारलं. तोंड एवढंसं झालं होतं. "परत काढायला लागंल का?"

मी म्हटलं, नाही, तुमच्या बोलण्याने काही बिघडलं नाही. हे खरं होतं. त्यांना हायसं वाटलं. मग मी जरा रागानेच विचारलं की एवढं कुणाशी बोलत होता?

"कुणाशी न्हाई. फोनमदी भरून ठेवत हुतो." त्यांनी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. "घरी दोन खोल्या, म्होरं हायवे. कंटेनर सारखं. कंपनीत तर काय, प्रेस. इतकी शांत जागा उभ्या जन्मात गावली न्हाई मला. म्हटलं पोरीच्या बाळासाठी दोन शबुद बोलून ठिवावं. आवाज पार जायच्या आत."

ते दाराकडे बघत खाली आवाजात म्हणाले, "ह्ये टीबीचं मशीन न्हाई, मला समजतंय. भायेर लिवलंय की. पर आमच्या हिला सांगू नका मला समजलंय म्हणून. तिला वाटतंय मला ठाव न्हाई. तेवढाच तिला आधार."

एक फिल्टरपाशी, एक इथे. दोघांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं, एकमेकांच्या पाठीमागे. त्या दोघांना एका खोलीत बसवून हे सांगून टाकावं असं मला फार वाटलं. मी सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मी फक्त माझंच काम करायला शिकले होते. घरी जाऊन उरलेलं भरा, असं मी म्हटलं. "घरी कुठं वो," ते म्हणाले आणि हसले. तेवढ्यात सुमनबाई आल्या आणि ती दोघं रिक्षा बघायला बाहेर पडली.

ऑपरेशन झालं नाही. केमो सुरू झाली. काही महिन्यांनी, औषधाचा परिणाम बघायला, ते पुन्हा स्कॅनला आले. शर्ट तोच असावा, पण आता त्यात दोन बबनराव मावले असते. घरी नात झाली होती. सुमनबाईंनी मला फोनवर फोटो दाखवला, टोपडं घातलेला लालबुंद चेहरा. या वेळी त्यांनी मला फिल्टरपाशी गाठलं नाही. दोघांनाही सगळं ठाऊक असल्याचं दोघांनाही कळलं असावं. कधी, कसं, मी विचारलं नाही.

इतक्या वर्षांत जे मी कुणासाठी केलं नाही ते त्या दिवशी केलं. इंजेक्शन भरून तयार असतानाच, टोचायच्या आधी, बबनरावांना त्या खोलीत नेऊन बसवलं. आधी कितीही बोललं तरी फोटोत काही फरक पडत नाही, नियम इंजेक्शननंतरचा. इकडे डब्यात साखर विरत होती, बाहेर उपाशी माणसं ताटकळत होती, तरी म्हटलं, काढा फोन. मी बाहेर थांबते. कॅमेराही बघत नाही. सावकाश बोला.

बाहेर मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं. त्यांनी फोन हातात धरला होता आणि मान हलवत होते. तोंडातून नुसती हवा येत होती. मला कान जवळ न्यावा लागला.

"आता न्हाई निघत. त्या टायमाला झालं तेवढं झालं."

मी इंजेक्शन दिलं. त्या तासात बोलू नका असं त्यांना सांगायची गरज पडली नाही. फोटोत गळा दोन्ही बाजूंनी अंधारा आला. छातीत मात्र नको तिथे उजेड वाढलेला होता.

त्यानंतर ते आले नाहीत. आमच्याकडे पेशंट येणं बंद होतं तेव्हा तो बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो, आणि कुठलं ते आम्हाला कुणी कळवत नाही. मी अंदाज केला, आणि तो बरोबर होता.

मी निवृत्त झाले. संत तुकाराम नगरातल्या घरी सकाळी कुंड्यांना पाणी घालते, कुणी डॉक्टरांकडे निघालं की रिपोर्ट वाचून दाखवते. यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस दाराची बेल वाजली. बाहेर एक तरुण बाई, कडेवर मूल. तिने आधी नाव न सांगता विचारलं की पेट-सीटीच्या मॅडम तुम्हीच का? मी म्हटलं, हो, कोण आपण?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर," ती म्हणाली. "हाच आवाज."

ती अश्विनी होती. सेंटरमध्ये जाऊन, चार जणांना विचारून माझा पत्ता काढला होता. मी आत घेतलं, सरबत केलं. मुलगी दोन वर्षांची असेल, आजोबांसारखीच लांब हातपायांची, आल्या आल्या सोफ्यावर चढून बसली. अश्विनीने फोन काढला. तुम्हाला एक ऐकवायचं होतं, म्हणाली, आणि विचारायचंही होतं.

आधी खोकला ऐकू आला. मग तो घोगरा आवाज, पहिल्या दिवशीचा. मागे काही नाही, गाडी नाही, पंखा नाही, माझ्या खोलीची ती जाड शांतता.

"बाळा, मी तुजा आबा बोलतोय. तू अजून यायचा हाईस, न्हाईतर यायची हाईस. कुनी का असंना. मी मोठ्यानं बोलतो म्हणून भ्यायचं न्हाई. आमच्यात समदीच मोठ्यानं बोलत्यात, रागानं न्हाई. हिरीपशी जांभूळ हाय, ते तुज्या आईनं लावलंय, त्येला तोडू द्यायचं न्हाई. आन् एक सांगायचं हुतं तुला. ध्यानात ठिव. मी तर काय..."

"बबनराव, बोलायचं नाही सांगितलंय ना? तोंड बंद."

खट्ट आवाज झाला आणि संपलं.

अश्विनीने फोन मांडीवर ठेवला. पुढे काय सांगायचं होतं त्यांना, असं तिने विचारलं. मॅडम, तुम्ही नंतर भेटला होता ना त्यांना? काही बोलले का तुमच्याशी? घरी आम्ही विचारलं तेव्हा नुसते हसायचे, आणि मग आवाजच गेला. लिहून द्या म्हटलं तर कसंबसं कुजबुजले, लिहिण्यासारखं नाही ते.

मी म्हटलं, मला नाही माहीत गं. नियमाने वागले होते. आज पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तरी बटण दाबेनच, कारण कुठला उजेड कशाचा हे काचेमागे बसलेल्या माणसाला आधी कळत नसतं. पण तोवर ते इतकं बोलून बसले होते की आणखी एका मिनिटाने फोटोत काडीचा फरक पडला नसता. हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. इतक्या माणसांना मी गप्प बसवलं, त्यांतलं एक वाक्य पुरं होऊ द्यायला हरकत नव्हती.

अश्विनी म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, मी भांडायला आले नाही. रोज झोपताना ही हेच ऐकते. आबा लाव म्हणते. अख्खं पाठ झालंय तिला, शेवटच्या वाक्यापर्यंत.

मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी पोरीकडे वळले. सोफ्याच्या कडेला बसून पाय हलवत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. मी हात पुढे करून म्हटलं, "ये गं बाळा इकडे. नाव काय तुझं?"

तिचे पाय थांबले. फोनकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि दोन्ही तळवे ओठांवर घट्ट दाबून ती गप्प बसली.